पानात वाढलेले आणि पोटात गेलेले

शाळेत जाणाऱ्या मुलाने दुपारी काय खावे, हा प्रश्न फारसा जुना नाही. मूल घरी किंवा शेतावर असे तोवर ते घरच्या माणसांबरोबर, घरी शिजेल ते खात असे. शिक्षण सक्तीचे झाले आणि भर दुपारी ते चुलीपासून दूर, बाकावर बसलेले आढळू लागले. इंग्लंडमध्ये ही सक्ती १८८० साली आली. गरिबांच्या मुलांजवळ त्या काळी शिदोरी म्हणून जे असे, ते बहुधा पावाचे तुकडे व त्यांवर फिरवलेला चरबीचा किंवा मुरंब्याचा हात. घरी त्याच पावाबरोबर चहा. भूक मरत असे, अंग मात्र भरत नसे. पुढे दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धासाठी सैन्यभरती सुरू झाली, तेव्हा शेकडो तरुण शरीराने अपात्र ठरले आणि साम्राज्याला आपल्या पोरांच्या पोटाची आठवण झाली. दयेने जे घडले नव्हते ते भयाने घडले, असेच येथे म्हणावे लागते.

१९०६ च्या डिसेंबरात पार्लमेंटने शालेय भोजनाचा कायदा केला. स्थानिक संस्थांनी कर बसवून गरजू मुलांना जेवण द्यावे, अशी त्यात मुभा होती, बंधन नव्हते. या मुभेचा लाभ सर्वांत आधी उठवणाऱ्या शहरांत यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्डची गणना होते. लोकरीच्या गिरण्यांचे हे शहर. येथील कित्येक मुले अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत काढीत. मार्गारेट मॅकमिलन ही तडफदार बाई १८९४ साली तेथील शाळा मंडळावर निवडून आली होती. उपाशी मुलासाठी शाळेवर केलेला खर्च फुकट जातो, हे ती वर्षानुवर्षे सांगत राहिली. कायदा झाला तोवर शहराची मनोभूमी तयार झालेली होती.

१९०७ च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत ब्रॅडफर्डने एक प्रयोग केला. शाळांचे वैद्यकीय अधिकारी डॉ. राल्फ क्राउली आणि पाकशिक्षणाच्या प्रमुख मॅरियन कफ यांनी अत्यंत गरीब घरांतील ४० मुले निवडली. त्यांना शाळेच्या दिवशी सकाळी न्याहारी व दुपारी जेवण मिळे आणि वरचेवर त्यांचे वजन केले जाई. न्याहारीला ओटच्या पिठाची लापशी, दूध व पाव असे. आता पाहा, उपाशी मुलांपुढे गरम लापशी आली म्हणजे त्यांनी ती आधाशासारखी संपवावी, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी कित्येकांनी तिला तोंडही लावले नाही. यात माज नव्हता. ज्या जिभेला पाव आणि चहा यांपलीकडची चव ठाऊक नाही, तिला अनोळखी पदार्थ भुकेपेक्षाही अवघड वाटतो. मात्र कोणावर जबरदस्ती झाली नाही. शेजारचा मुलगा खातो आहे हे दिसत होते, आणि दुसऱ्या दिवशी पानात तीच लापशी पुन्हा आली. थोड्याच दिवसांत नकार देणारे उरले नाहीत.

मांडणीकडेही या दोघांचे लक्ष होते. मेजांवर स्वच्छ चादरी असत, फुले ठेवलेली असत आणि वाढण्याचे काम मोठ्या मुली करीत. काटकसरी करदात्याला हा थाट खटकला असेल. पण अन्नछत्राची रांग आणि जेवणाची पंगत यांत जो फरक आहे, तो मुलांना मोठ्यांहून लवकर कळतो.

प्रयोगाचे फळ तराजूवर दिसले. जेवणाऱ्या मुलांचे वजन त्यांच्यासारख्याच इतर मुलांच्या मानाने जवळजवळ दुप्पट वाढले. मध्ये सणाची सुटी आली. शाळा बंद, म्हणून जेवण बंद. आणि चढत गेलेली वजनाची रेषा खाली घसरली. त्या एका घसरणीने जे सिद्ध केले ते कोणत्याही व्याख्यानाने झाले नसते. १९१४ साली कायदा सुधारला गेला आणि सुटीतही जेवण देण्याची मोकळीक मिळाली.

ज्या १९०६ साली विलायतेत हा कायदा झाला, त्याच साली सयाजीराव महाराजांनी सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. अमरेली भागात त्याची सुरुवात १८९३ सालीच झाली होती. म्हणजे बाकावरचे मूल आपल्याकडेही आले होते. त्याच्या दुपारच्या खाण्याचा सार्वजनिक विचार मद्रासच्या महापालिकेने १९२० साली केला. थाउजंड लाइट्स भागातील शाळेत, दर मुलामागे दिवसाला एका आण्याहून अधिक खर्च नाही, या अटीवर ‘टिफिन’ सुरू झाले. पुढे १९५६ साली कामराज यांनी राज्यभर मध्यान्ह भोजन चालू केले, तर १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा मोठा विस्तार केला.

केंद्र सरकारची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी निघाली. परंतु पुष्कळ राज्यांत शिजवलेल्या अन्नाऐवजी महिन्याला तीन किलो धान्य मुलाच्या हाती पडू लागले. धान्य घरच्या डब्यात जाई आणि घरभर वाटले जाई. त्यात आईबापांचा काय दोष? पण मुलाच्या वाट्याचे मुलाला मिळत नव्हते हेही खरे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्या, दिवसाला किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने द्या, असे बजावले. प्राथमिक वर्गांसाठी हे प्रमाण २००६ साली ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने असे वाढवण्यात आले. स्वयंपाकी नेमताना दलितांना प्राधान्य द्यावे, असा आदेशही त्याच न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये दिला. आपल्याकडे पानात काय वाढले याबरोबरच ते कोणी शिजवले, हा प्रश्नही पंगतीला येऊन बसतो. ब्रॅडफर्डला तो पडला नव्हता.

उष्मांकांचा हिशेब कागदावर मांडता येतो, चवीचा येत नाही. म्हणून गोव्यातील शाळांतून बचत गटांच्या स्त्रिया मुलांना पावभाजी पुरवतात, तर महाराष्ट्रात खिचडी शिजते. आणि तमिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारच्या जेवणाला सकाळच्या न्याहारीची जोड दिली, तेव्हा पानात उपमा, खिचडी आणि पोंगल हे मुलांच्या ओळखीचेच पदार्थ होते.