भुतांवांचून भयकथा

भयकथा म्हटली कीं पडके किल्ले, भुयारें आणि पिशाच्चें डोळ्यांपुढें उभीं राहतात. अ‍ॅन रॅडक्लिफबाईंच्या ‘उडॉल्फो’ (१७९४) या कादंबरीनें इंग्लंडांतील वाचकांस हीच गोडी लाविली होती. मेरी वुल्स्टनक्राफ्टबाईंनीं आपल्या ‘मारिया’ या अपुऱ्या कादंबरींत मात्र भुतांना रजा दिली. तींत पति संपत्तीच्या लोभानें पत्नीचें तान्हें मूल हिरावून घेतो आणि ती शहाणी असतां तिला वेड्यांच्या इस्पितळांत कोंडतो. बाई १७९७ त निवर्तल्या. पुढल्याच वर्षीं त्यांचे पति विल्यम गॉडविन यांनीं ती प्रसिद्ध केली.

आमच्या मतें या कथेंतील खरें भय कायद्याचें आहे. मारिया आपली कैफियत न्यायालयापुढें मांडते. न्यायाधीश ती मानीत नाहीं. पिशाच्च निदान उजाडतांच पळतें! इंग्लंडांत विवाहित स्त्रीच्या मिळकतीचा व्यापक कायदा १८८२ त झाला. पत्नीला कोंडण्याचा पतीस अधिकार नाहीं, हा निर्णय तर १८९१ त लागला. एक दार उघडावयास सुमारें शंभर वर्षें लागलीं. शेजारच्या घरांतील किंकाळी ‘त्यांची घरगुती बाब’ म्हणून आपण खिडकी लावून घेतों, तेव्हां हीं वर्षें वाचकांनीं आठवावीं.