आवाजाची वाटणी

दादासाहेब फाळक्यांनी १९१३पासून नाशिकला मूकपट काढले. १९३१ साली 'आलम आरा' बोलला आणि संवाद शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्याचा प्रश्न उभा राहिला. खर्ज आणि तार स्वर दोन्ही एकाच लाऊडस्पीकरला नीट पेलत नाहीत. म्हणून ते दोन स्पीकरांत वाटले गेले. त्यासाठी कॅम्पबेल व वाग्नर यांनी १९१५ साली शोधलेली विद्युत-गाळणी उपयोगी पडली: खर्जाच्या वाटेवर तारेचे वेटोळे, तार स्वरांच्या वाटेवर संधारित्र.

आपण हिशेब करू. ८ ओहमच्या स्पीकरला १० मायक्रोफॅरडचे संधारित्र जोडले, तर सीमा सुमारे २,००० हर्ट्झवर येते. पण स्पीकरचा रोध वारंवारतेनुसार आणि तापल्यावर बदलतो. मग सीमाही सरकते.

१९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क आली. तिच्यात ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने आकड्यांत मांडलेले असतात. पुढे आकडेमोडीनेच, अँप्लिफायरच्या आधी, स्वर वेगळे करता येऊ लागले. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र अँप्लिफायर मिळाला. आता रोध बदलला तरी गाळणीची सीमा हलत नाही. तरीही नाजूक स्पीकर जळू नये म्हणून त्याच्या वाटेवर एक संधारित्र पुष्कळदा ठेवतात.

४ ओहमच्या स्पीकरसाठी सीमा कुठे येईल, हे वर्गात काढून पाहावे.