कृष्णाकाठचा वळू

बैल विकत घेणारा शेतकरी त्याचे दात, खूर, बांधा आणि चाल पाहतो. पैदाशीसाठी वळू निवडणाऱ्याचे काम याहून अवघड असते. अजून जन्मलेच नाही अशा वासराचे गुण त्याला आजच्या जनावरात शोधावे लागतात. निवडीचा हेतू बदलला की जनावर कसे बदलते, हे कृष्णाकाठच्या गुरांच्या इतिहासातून चांगले समजते.

सांगली, बेळगाव, विजापूर या भागांतली काळी जमीन पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात तडकते. हरळी आणि कुंदा उपटून काढायचा तर नांगर खोल घालावा लागे. एका नांगराला बैलांच्या अनेक जोड्या जुंपत. त्यासाठी वेगापेक्षा वजन आणि ताकद हवी होती. एकोणिसाव्या शतकात दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांनी तशी गुरे घडवण्याचा प्रयत्न केला. त्यात सांगलीच्या पटवर्धनांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. काठेवाडची गीर आणि आंध्रची ओंगोल यांचा स्थानिक गुरांशी संकर करून निवड होत गेली. त्यातून आखूड पायांची, भरदार अंगाची जात तयार झाली. तिला ‘कृष्णा व्हॅली’ म्हणतात.

इंग्लंडमध्ये याआधीच रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) यांनी मांसासाठी मेंढ्या आणि गुरांची काटेकोर निवड सुरू केली होती. आपले एडके ते भाड्याने देत आणि दुसऱ्यांच्या कळपांत त्यांची संतती कशी निपजते ते पाहत. पुढे शॉर्टहॉर्न, हेरफर्डसारख्या मांसल जाती अमेरिकेत पोचल्या. पण दक्षिणेकडच्या राज्यांत त्यांना उष्णता सोसेना आणि गोचिडांपासून होणाऱ्या ‘टेक्सस तापा’ने त्या मरत. हा रोग गोचिडांमुळे पसरतो हे स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ साली दाखवून दिले.

यावर उपाय ठरली ती वशिंडाची भारतीय गुरे. सैल कातडी, आखूड केस आणि घामाच्या भरपूर ग्रंथी यांमुळे त्यांना ऊन सोसते. गोचिडांचा त्रासही कमी होतो. १८५४ साली लुइझियानातील रिचर्ड बॅरो यांना भारतीय वळू मिळाले. १९०६ साली ए. पी. बॉर्डन यांनी भारतातून गुरे टेक्ससला नेली. काही गुरे ब्राझीलमार्गेही गेली. त्यांत मुख्यतः कांकरेज, ओंगोल आणि गीर होत्या. थोडा वाटा कृष्णा व्हॅलीचाही होता. यांच्या मिश्रणातून झालेल्या जातीला १९२४ साली ‘ब्राह्मण’ हे नाव मिळाले.

तोवर गेलेली जनावरे तीनशेच्याही आत होती आणि त्यांत बहुतेक वळूच होते. मग जात कशी उभी राहिली? स्थानिक गाईला भारतीय वळू दाखवला की वासरात त्याचा वाटा १/२ येतो. त्या कालवडीला पुन्हा तसाच वळू दाखवला की ३/४, मग ७/८, १५/१६ आणि पाचव्या पिढीत ३१/३२. हे गणित विद्यार्थ्यांकडून फळ्यावर जरूर सोडवून घ्यावे.

गुरे आता तगली, वाढली. पण एक अडचण उरली. या गुरांचे मांस युरोपीय जातींच्या मांसापेक्षा चिवट निघे. कत्तलीनंतर स्नायूंतील कॅलपेन ही विकरे तंतू तोडतात आणि मांस मऊ होते. कॅलपास्टॅटिन हे प्रथिन त्यांना अडवते. वशिंडाच्या गुरांत ते अधिक क्रियाशील असते. आता हा गुण जिवंत वळूच्या अंगावर कसा दिसणार? तो त्याच्या संततीचे मांस कापायला किती जोर लागतो, हे यंत्राने मोजून कळतो. आपल्याकडे वळूची पारख त्याच्या मुलींच्या दुधावरून करतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे. वळू स्वतः दूध देत नाही. दुधाचे गुण मात्र पुढे देतो. बेकवेल एडके भाड्याने देऊन जे साधत होते, तेच आता मोजमापाने आणि नोंदींनी साधले जाते.

इकडे कृष्णाकाठी काय झाले? संस्थाने गेली आणि त्यांचा आश्रय संपला. ट्रॅक्टर आला, तशी खोल नांगरटीसाठी जड बैलाची गरज उरली नाही. मोठ्या अंगाच्या जनावराला वैरणही जास्त लागते. दुधासाठी संकरित गाई आल्या. जिच्यासाठी निवड होत होती ती गरजच सरली, तेव्हा निवडही थांबली. आज या जातीची शुद्ध गुरे फार थोडी उरली आहेत.

जातिवंत जनावर निसर्गात आयते मिळत नाही. प्रत्येक पिढीत कोणीतरी ‘हा ठेवायचा, हा नाही’ असे ठरवत राहते, म्हणून ती जात टिकते. ठरवणारा हात थांबला, तर शंभर वर्षांत जमवलेले गुण काही पिढ्यांत विखुरतात. उष्णता सोसणे आणि निकृष्ट वैरणीवर जगणे हे गुण उद्या आपल्यालाच लागतील. तेव्हा निवड करायला मूळ गुरे तरी उरलेली असली पाहिजेत.