तारांच्या ब्रशाची गोष्ट

आमच्या बेळगावचा इतिहास लिहायला कुणी बसले की किल्ला येतो, कमल बस्ती येते, गांधीजींच्या अध्यक्षतेखालचे 1924 चे काँग्रेस अधिवेशन येते. सीमालढा तर येतोच येतो. पण या गावाच्या हजारो घरांची चूल ज्या ओतशाळांवर पेटली, त्यांतल्या एका क्षुद्र वस्तूला या इतिहासात जागा नाही. ती म्हणजे तारांचा ब्रश. उद्यमबागेतल्या एका ओतशाळेत मी बावीस वर्षे स्टोअरची वही सांभाळली. ब्रश मी कधी चालवला नाही, पण हजारो ब्रश माझ्या हातून दिले गेले. म्हणून हा लेखनप्रपंच.

बीड वितळवून साच्यात ओतले, ते थंड झाले, साचा फोडला, की वस्तू तयार झाली असे बाहेरच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात साच्यातून निघालेले कास्टिंग ओबडधोबड असते. अंगाला जळकी वाळू चिकटलेली, कडांना पापुद्रे फुटलेले, रस जिथून आत गेला तिथले दांडे तसेच लोंबत असलेले. ते तोडायचे, घासायचे, स्वच्छ करायचे. या कामाला फेटलिंग म्हणतात. ओतकाम करणाऱ्याला कारागीर म्हणून मान असतो. फेटलिंगवाल्याला मात्र कुणी विचारत नाही.

बेळगाव आणि लोखंड यांचे नाते जुने आहे. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल या भीतीने शेतकरी तो घेईनात. 1910 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि तो उद्योग इथून गेला. पण ओतकामाने गाव सोडले नाही. मोटारींचे, पंपांचे सुटे भाग आजही इथल्या भट्ट्यांतून ओतले जातात.

कास्टिंग साफ करण्याचे मूळ साधन म्हणजे छिन्नी, कानस आणि हातब्रश. यात पहिली मोठी क्रांती झाली ती 1870 साली. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमन याने वाळूचा झोत मारून पृष्ठभाग घासण्याचे पेटंट घेतले. दिवसभराचे काम घटकेत होऊ लागले. योगायोग असा, की त्याच 1870 साली इटलीच्या आकिले व्हिस्कोंती याने दगडाची धूळ फुप्फुसात साचून होणाऱ्या रोगाला नाव दिले: सिलिकोसिस. यंत्र आणि त्याचा शाप एकाच वर्षी कागदावर यावेत, याला काय म्हणावे!

विजेची मोटर आली तसा ब्रशही फिरू लागला. 1954 मध्ये जर्मनीतल्या आकरमान-श्मिट कंपनीने जलदगती अँगल ग्राइंडर बाजारात आणला आणि पुढे हातात धरून चालवायचे हे यंत्र जगभर पसरले. त्यावर दगड लावला की ग्राइंडर, तारांची वाटी लावली की ब्रश. मिनिटाला अकरा हजार फेरे घेणाऱ्या यंत्रावर 100 मिलिमीटरचा ब्रश बसवला, तर तारांची टोके ताशी सुमारे 200 किलोमीटर वेगाने धावतात. काम करतात ती ही टोकेच. नवखा माणूस जोर लावून दाबतो. मग तारा आडव्या पडतात, टोकाऐवजी बाजू घासली जाते आणि तारा तुटून सुईसारख्या उडतात. जाणता माणूस ब्रश नुसता टेकवतो. दगड धातू खातो. ब्रश मात्र गंज, पापुद्रा, वाळू काढतो आणि खालचा धातू बहुतेक तसाच ठेवतो. स्टेनलेस स्टीलला साध्या पोलादाचा ब्रश लावायचा नाही. त्याचे कण रुतून बसतात आणि न गंजणारी वस्तू गंजू लागते. हे सारे मला शिकवले ते आमच्या शेडमधल्या एका कामगाराने. सगळे त्याला मामा म्हणत. महिन्याला सगळ्यांत कमी ब्रश त्याच्या नावावर लागत.

पण ब्रशाने निघालेली वाळू जाते कुठे? डोळ्यांना दिसते ती खाली पडते. जी दिसत नाही ती तरंगते आणि श्वासावाटे आत जाते. मामाला चाळिशीनंतर दम लागू लागला. तोंडाला रुमाल बांधण्यापलीकडे संरक्षण नव्हते आणि असल्या बारीक धुळीला रुमाल अडवत नाही. त्याच्यावर क्षयाचे औषधोपचार झाले. सिलिकोसिस झालेल्याला क्षय लवकर धरतो आणि छातीच्या फोटोत दोहोंची गफलत होऊ शकते, हे मला फार पुढे वाचनात कळले. पन्नाशी गाठण्याआधी मामा गेला. कारखान्याच्या कागदोपत्री त्याने ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ काम सोडले होते.

हे टाळता येत नव्हते असे मुळीच नाही. ब्रिटनने 1949 च्या नियमांनी कास्टिंग साफ करायला वाळूचा झोत वापरण्यास बंदी घातली. अमेरिकेत त्याआधीच, 1930 च्या दशकात, बंद पेटीत फिरत्या चाकाने पोलादी छर्रे फेकणारी यंत्रे आली होती. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसला सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत घातले. 1997 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणारी ही धूळ कर्करोगकारक ठरवली. धूळ जागच्या जागी ओढून घेणारा पंखा, पाण्याचा फवारा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क, दरवर्षी छातीचा फोटो: उपाय काही रॉकेट उडवण्याइतके अवघड नाहीत. छर्ऱ्यांची यंत्रे आता इथेही आहेत. तरी कोपऱ्याकाठांत छर्रा पोचत नाही आणि तिथे माणूस आणि ब्रश लागतोच.

दर खंडेनवमीला शेडमध्ये यंत्रांना झेंडूच्या माळा पडतात, ग्राइंडरला हळदकुंकू लागते. हत्याराबद्दलची ही कृतज्ञता चांगलीच आहे. माझ्या स्टोअरच्या वहीत ब्रश कधी दिला, कुणाला दिला, किती दिवस टिकला, याचे रकाने होते. तो धरणारा माणूस किती दिवस टिकला, याचा रकाना कुठल्याच वहीत नव्हता. बेळगावच्या ओतशाळांचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्याने सुरुवात त्या रकान्यापासून करावी.