पांढरा पुठ्ठा आणि फोटोखालच्या ओळी

आजचा भाग तेलाच्या इतिहासाचा आहे, पण मी विहिरी आणि भाव यांच्याबद्दल फारसं बोलणार नाही. बोलायचंय ते फोटोंबद्दल. अलास्काच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक महासागराच्या काठावर तेलउद्योगाचा फोटो काढायचा, तर नेमका कशाचा काढायचा? आणि त्या फोटोंनी इतिहासात काय घडवलं?

आधी जागा समजून घेऊ. जागेचं नाव प्रुडो बे. १९६८ मध्ये इथे प्रचंड तेलसाठा सापडला. इथला समुद्र वर्षातला बराच काळ गोठलेला, त्यामुळे जहाजानं तेल न्यायची सोय नाही. म्हणून दक्षिणेला व्हाल्डीझ नावाच्या, हिवाळ्यातही न गोठणाऱ्या बंदरापर्यंत जवळजवळ १,३०० किलोमीटरची पाइपलाइन टाकली. २० जून १९७७ ला त्या पाइपात तेल सोडलं आणि २८ जुलैला ते व्हाल्डीझला पोहोचलं.

आता गंमत बघा. तेल जमिनीतून वर येतं ते गरम, आणि इथली जमीन खोलवर कायमची गोठलेली. गरम पाइप तिच्यात पुरला तर आजूबाजूचं बर्फ वितळून जमीनच खचणार. म्हणून निम्म्याहून जास्त पाइपलाइन जमिनीच्या वर, खांबांवर उभी आहे. थंडी-उन्हानं आकुंचन-प्रसरण झालं किंवा भूकंप आला तर तुटू नये म्हणून ती नागमोडी नेली आहे. आर्क्टिकमधल्या तेलाचा सगळ्यांनी पाहिलेला फोटो हाच: मागे डोंगर, पुढे टुंड्रा आणि मधून वळणं घेत गेलेला चंदेरी पाइप. दिसायला देखणा आहे. पण त्यात तेलाचा एक थेंबही दिसत नाही.

तेल जिथून निघतं तिथे जाऊन फोटो काढावा म्हटलं, तर डाल्टन हायवे हा रस्ता डेडहॉर्स या वस्तीपाशी संपतो. पुढे समुद्रापर्यंतची वाट तेलक्षेत्रातून जाते, तिथे पहारा असतो. प्रवाशाला आधी नाव नोंदवून ठरावीक सहलीच्या गाडीतूनच जावं लागतं. म्हणजे रस्ता ज्याच्या ताब्यात, कॅमेरा कुठे उभा राहणार हेही बरंचसं त्याच्याच हातात.

तेल पहिल्यांदा जगाच्या डोळ्यांत भरलं ते उत्तरेला नाही, पाइपलाइनच्या दुसऱ्या टोकाला. २४ मार्च १९८९ ला एक्सॉन व्हाल्डीझ हे टँकर जहाज खडकावर आदळलं आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल समुद्रात गेलं. तेलात माखलेले पक्षी आणि समुद्री ऊदमांजरं जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली. त्याच सुमाराला प्रुडो बेच्या पूर्वेकडच्या आर्क्टिक अभयारण्यात तेल काढू द्यायचं विधेयक अमेरिकी सिनेटमध्ये पुढे सरकत होतं. त्या फोटोंनंतर ते बारगळलं.

हे अभयारण्य १९६० सालचं. १९८० च्या कायद्यानं त्याचा विस्तार झाला, पण किनाऱ्यालगतच्या सुमारे १५ लाख एकरांचा निर्णय मात्र पुढच्या संसदेवर सोडून दिला. भांडण आहे ते एवढ्याच पट्ट्याचं. तेल काढावं असं म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा चक्क फोटोचाच होता: तिथे आहेच काय फोटो काढण्यासारखं? अलास्काचे सिनेटर फ्रँक मुरकोव्स्की यांनी तर चर्चेत एक कोरा पांढरा पुठ्ठा उचलून दाखवला. वर्षातले बहुतेक महिने ती जागा अशी दिसते, असं त्यांचं म्हणणं.

त्या कोऱ्या पुठ्ठ्याला उत्तर देणारा माणूस निघाला बंगालचा. सुभंकर बॅनर्जी हे मूळचे बहरमपूरचे, अमेरिकेत वैज्ञानिक म्हणून नोकरी करणारे. नोकरी सोडून २००१-०२ मध्ये ते त्या अभयारण्यात सुमारे चौदा महिने हिंडले, आणि भर हिवाळ्यातही थांबले. कॅनिंग नदीच्या मुखाशी ध्रुवीय अस्वलाच्या बिळावर नजर ठेवून ते २९ दिवस तंबूत होते. त्यातले चार दिवस सोडले तर बाकी सगळे हिमवादळात गेले. ज्या महिन्यांत तिथे काहीच नसतं असं सांगितलं जात होतं, त्याच महिन्यांतलं जगणं त्यांनी टिपलं. त्यांच्या फोटोंत तेलाची एकही विहीर नाही, तरी तेलाच्या इतिहासात त्यांना जागा द्यावीच लागते.

१९ मार्च २००३ ला सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी त्यांचा ध्रुवीय अस्वलाचा फोटो सभागृहात दाखवला आणि सदस्यांना स्मिथसोनियन संग्रहालयातलं त्यांचं होऊ घातलेलं प्रदर्शन बघायला सांगितलं. त्या दिवशी ड्रिलिंगची तरतूद ५२ विरुद्ध ४८ मतांनी वगळली गेली. एका फोटोनं मतं फिरली असं मी म्हणणार नाही. पण पुढे जे झालं त्यावरून फोटो कुणाला तरी चांगलाच झोंबला असावा असं वाटतं. मे महिन्यात प्रदर्शन लागलं ते मोक्याच्या दालनातून हलवून खालच्या मजल्यावर, आणि फोटोंखालचा मजकूर छाटून. एका शिखराच्या फोटोखाली, हा प्रदेश इतका दुर्गम आहे की अनेक शिखरांना आणि तळ्यांना अजून नावंही नाहीत, अशा अर्थाची ओळ होती. तिच्या जागी उरलं फक्त ‘अनामिक शिखर, रोमान्झॉफ पर्वत’. संग्रहालयाचं म्हणणं असं की त्यांना कुठल्याही बाजूचा प्रचार करायचा नव्हता.

मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. फोटो भिंतीवर तसेच राहिले, कात्री लागली ती शब्दांना. निसर्ग सुंदर आहे, एवढं म्हटल्यानं कुणाचंच बिघडत नाही. ही जागा कुणाची आणि तिचं काय होणार, हे सांगणारी ओळ आली की अडचण सुरू होते.

आता दुसरी बाजूही बोलायला हवी. ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणणारा फोटोही माणसं पुसू शकतो. किनाऱ्यावरच्या इन्युपियाट लोकांच्या गावांत शाळा, दवाखाने, नळाचं पाणी आलं ते मुख्यतः तेलावरच्या करातून, त्यामुळे तिथले अनेकजण ड्रिलिंगच्या बाजूचे आहेत. दक्षिणेकडच्या ग्विचिन लोकांचं जगणं कॅरिबू हरणांवर अवलंबून आहे, आणि ती हरणं विणीसाठी याच पट्ट्यात येतात. त्यांचा ड्रिलिंगला विरोध आहे. कोरा पुठ्ठा या दोघांनाही चौकटीबाहेर ठेवतो.

आणि शेवटी एक गोष्ट कॅमेऱ्याच्या मर्यादेची. मार्च २००६ मध्ये प्रुडो बेमध्ये गंजलेल्या पाइपाला छोटं भोक पडून दोन लाख गॅलनांहून जास्त तेल टुंड्रावर सांडलं. त्या भागातली ही सर्वांत मोठी गळती. पण ती बर्फाखाली होती, कित्येक दिवस कुणाला दिसलीच नाही. एका कामगाराला वास आला म्हणून ती सापडली. त्या दिवसांत तिथला फोटो कुणी काढला असता, तर त्यात काय दिसलं असतं? पांढरं, स्वच्छ बर्फ.

२०१७ च्या कायद्यानं त्या पट्ट्याचं दार तेलासाठी उघडलं, आणि तेव्हापासून वाद पुन्हा चालूच आहे. त्यामुळे आर्क्टिकचे नवे फोटो तुमच्यापर्यंत येत राहतील. ते बघा जरूर. फक्त बघताना कॅमेरा कुणाच्या रस्त्यानं तिथे पोहोचला ते विचारा, आणि खालची ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. भेटू पुढच्या भागात.