बैठक आणि पाठीचा कणा : एका आरोग्यविचाराचा इतिहास

लेखनिक, शिंपी, कारकून यांच्या इतिहासात त्यांचे वेतन, सामाजिक दर्जा आणि कौशल्य यांचा विचार होतो. ज्या शरीराने ते काम उरकले त्या शरीराचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः पाठीचे रक्षण करणारी बैठक कोणती, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. त्याला दिल्या गेलेल्या उत्तरांना स्वतंत्र इतिहास आहे. दोष कोठे आहे, कामात, देहात की आसनात, याविषयी युरोपात तीनशे वर्षांत मत कसे पालटत गेले, हे पाहिले असता त्या उत्तरांचे मूल्य अधिक स्पष्ट होते.

या विचाराचा आरंभ बर्नार्दिनो रामात्सिनी (१६३३–१७१४) या इटालियन वैद्यापासून मानणे युक्त ठरेल. कारागिरांच्या रोगांवरील त्याचा लॅटिन ग्रंथ मोदेना येथे १७०० साली प्रसिद्ध झाला. रोग्याला विचारावयाच्या परंपरागत प्रश्नांत ‘तू कोणता धंदा करतोस?’ या प्रश्नाची भर त्याने घातली. बसून काम करणाऱ्या शिंप्यांची व जोडे शिवणाऱ्यांची वाकलेली पाठ त्याच्या नजरेतून सुटली नाही. १७१३ साली पादुआ येथे निघालेल्या वाढीव आवृत्तीत त्याने लेखनिकांच्या रोगांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि त्या रोगांची तीन कारणे सांगितली : सततचे बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड चालणारी हालचाल आणि मनावरील ताण. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. लेखनिक वाईट रीतीने बसतो, असा मुख्य आरोप रामात्सिनीने केलेला नाही. तो सतत बसतो, हे त्याच्या मते व्याधीचे मूळ होय.

पुढील शतकात हा रोख बदलला. पॅरिस येथील निकोला आंद्री याने १७४१ साली मुलांच्या शरीरातील व्यंगे टाळण्याविषयी व सुधारण्याविषयी ग्रंथ लिहिला. त्यासाठी ‘सरळ’ व ‘बालक’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून त्याने जे नाव घडविले, तेच आजच्या अस्थिव्यंगशास्त्राचे पाश्चात्त्य नाव झाले. वाकडे वाढणारे झाड खुंटाला बांधलेले दाखविणारे त्यातील चित्र प्रसिद्ध आहे. मुलांची आसने व मेज यांचाही विचार आंद्रीने केला. परंतु त्या चित्रातून सूचित होणारा आदर्श ताठपणाचा होता. बैठक हा आता केवळ आरोग्याचा विषय न राहता शिस्तीचाही विषय होऊ लागला.

एकोणिसाव्या शतकात शालेय शिक्षणाचा प्रसार झाला, आणि लक्षावधी मुले दिवसाचे कित्येक तास बाकांवर बसू लागली. तेव्हा दोषाचे स्थान पुन्हा बदलले. ब्रेस्लाऊ येथील नेत्रवैद्य हेर्मान कोन याने १०,०६० विद्यार्थ्यांचे डोळे तपासून १८६७ साली आपले निष्कर्ष मांडले. शाळांतील बाकांची मोजमापेही त्याने विचारात घेतली. बाकाची पुढची कड व मेजाची कड यांत अंतर राहिले, तर मुलाला लिहिताना पुढे वाकावेच लागते, ही गोष्ट या काळातील शालेय आरोग्याच्या चर्चेत ठळकपणे पुढे आली. मुलाला ‘सरळ बैस’ म्हणून दटावण्याआधी बाक मोजला पाहिजे, हा तिचा आशय होय. १८८४ साली फ्रांत्स श्टाफेल या जर्मन वैद्याने कंबरेच्या स्वाभाविक अंतर्वक्रतेला आधार देणाऱ्या पाठीच्या खुर्चीचा पुरस्कार केला. दोषाचा भार अशा रीतीने देहावरून आसनावर आला.

विसाव्या शतकात संशोधन मणक्यांमधील चकतीपर्यंत पोहोचले. १९३४ साली मिक्स्टर व बार या अमेरिकन शल्यवैद्यांनी चकती सरकणे आणि पायात उतरणारी वेदना यांचा संबंध दाखविला. १९४८ साली स्वीडनच्या बेंग्ट ओकरब्लोम याने उभे राहणे व बसणे यांवरील आपल्या ग्रंथात खुर्चीच्या रचनेची शास्त्रीय चिकित्सा केली. पुढे नाखेमसन व मॉरिस यांनी १९६४ साली जिवंत माणसाच्या चकतीतील दाबाची मोजमापे प्रसिद्ध केली. उभे राहण्यापेक्षा बसण्यात हा दाब अधिक असतो, हा त्यांचा निष्कर्ष दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. परंतु १९९९ साली विल्के व त्याच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मापनात आधाराविना बसताना ०.४६ व उभे असताना ०.५० मेगापास्कल असा दाब आढळला. हे मापन एकाच व्यक्तीवरील असल्याने त्यावरून व्यापक सिद्धांत काढणे धाडसाचे ठरेल. तथापि बसणे हे स्वभावतःच घातक होय, या ठाम विधानाला त्याने धक्का दिला, हे निश्चित.

सर्वांना सर्वकाळ हितकर अशी एकच आदर्श बैठक आजवर सिद्ध झालेली नाही. प्रौढ माणसाच्या चकतीला रक्तवाहिन्यांचा पुरवठा जवळजवळ नसतो. तिचे पोषण आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवांवर अवलंबून असते, आणि भार कमीअधिक होण्याने त्यातील पाण्याची देवघेव होते. म्हणून पाय जमिनीवर टेकावेत, कंबरेला आधार असावा, मेज कोपराच्या उंचीचे असावे, हे नियम उपयुक्त असले तरी पुरेसे नाहीत. ठराविक वेळाने उठणे व बैठक पालटणे यांची जागा उत्तम खुर्चीही घेऊ शकत नाही.

या निष्कर्षाचा विचार मराठी अभ्यासकानेही करावयास हवा. मराठीत ‘बैठक’ या शब्दाला आसन, सभा, अधिष्ठान असे अनेक अर्थ आहेत; ‘बैठक मारून काम करणे’ ही तर स्तुतीच होय. मांडी घालून लिहिणारा दप्तरातील कारकून आणि खुर्चीवर बसणारा आजचा संशोधक यांची आसने भिन्न आहेत; परंतु न उठता काम करण्याविषयीचा आदर दोघांच्या वाट्याला सारखाच आला आहे. खुर्ची मोजणे सोपे असते, कामाचे तास मोजणे तितके सोपे नसते. कारण तास कमी करणे किंवा मध्ये विश्रांती देणे हा काम घेणाऱ्याच्याही निर्णयाचा भाग असतो. कदाचित म्हणूनच ताठपणाचा उपदेश व आसनाची सुधारणा यांना जे लक्ष लाभले, ते रामात्सिनीच्या पहिल्या कारणाला लाभले नाही. सततचे बसणे हे त्याने १७१३ साली नोंदविलेले कारण अद्याप निरस्त झालेले नाही.