वऱ्हाडी नवरदेवाचा पोषाख

राजेरजवाड्यांच्या वेषाचीं वर्णनें बखरींतून सांपडतात. परंतु कुणब्याचा मुलगा बोहल्यावर चढतांना काय नेसला होता, हें टिपून ठेवण्याची गरज फारशी कोणास भासली नाहीं. वस्तुतः एका दिवसापुरतें राजेपण भोगणाऱ्या या नवरदेवाच्या वस्त्रांत त्याच्या प्रांताचा आर्थिक इतिहास विणलेला असतो. पूर्वींचा वणी जिल्हा, ज्यास १९०५ सालीं यवतमाळ हें नांव मिळालें, तो याचें चांगलें उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत वऱ्हाडांतील वराचा पोषाख म्हणजे धोतर, बाराबंदी अथवा अंगरखा, खांद्यावर उपरणें किंवा शेला, मस्तकीं पागोटें आणि कपाळीं बाशिंग. ऐपतदार देशमुख-पाटलांस नागपूर-उमरेडचीं रेशीमकांठी धोतरें व बऱ्हाणपुरचा जरीमाल मिळे. गरिबाचें जाडेंभरडें कापड मात्र आसपासच्या महार व कोष्टी विणकरांच्या मागावरचें असे. ज्याच्या स्पर्शाचा विटाळ मानीत, त्याच्याच हातचें वस्त्र मंगलकार्यांत चाले, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

१८५३ सालीं वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ पर्यंतच्या अमेरिकन यादवीनें येथील कापसास सोन्याचा भाव आणिला, आणि १८६७ सालीं मुंबईची आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोंचली. ज्या वाटेनें कापूस गेला, त्याच वाटेनें मँचेस्टरचें कापड आलें. कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नाक यांनीं १८६८-६९ च्या अहवालांत हिशेब उघडच मांडिला होता: रेल्वेचा फांटा झाला म्हणजे विलायती कापड देशी कापडाहून स्वस्त विकतां येईल, आणि कांतण्या-विणण्यांत गुंतलेले हात शेतमजुरीस मोकळे होतील. पुढें १८७७ सालीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरास सुरू झाली, तेव्हां देशी गिरणीचा मालही या स्पर्धेंत उतरला.

माग एकदम बंद पडले असें नव्हे. परंतु नवरदेवाचें धोतर गिरणीचें झालें, अंगरख्याचें कापड विलायती झालें, आणि शतकाच्या अखेरीस शिकलेल्या घरांतून कोटही आला. टिकलें तें बाशिंग, आणि टिकली ती हळद. कारण तीं विधीचीं अंगें होतीं, बाजाराचीं नव्हेत.

पोषाख अधिक तलम झाला, यांत शंका नाहीं. पण ज्याच्या मागावर पूर्वीं वराचें वस्त्र विणलें जाई, तो आतां मजूर होऊन मांडवाबाहेर उभा राहिला. त्याचें काम मँचेस्टरनें हिरावलें, असें आम्ही नेहमीं सांगतों व तें खरेंही आहे. त्याचा विटाळ मात्र मँचेस्टरहून आला नव्हता. तो आमच्याच घरचा होता, आणि काम गेल्यावरही आम्हीं तो जपून ठेविला.